घारापुरीची टाकी

घारापुरीला जाणारा माणूस सहसा गेटवेहून बोट धरतो, धक्क्यावर उतरतो, एकशेवीस पायऱ्या चढून पहिल्या लेण्यात शिरतो आणि सदाशिवाच्या त्या प्रचंड मूर्तीसमोर उभा राहतो. घारापुरीवरचे बहुतेक लेखनही त्याच पायऱ्या चढते आणि त्याच मूर्तीपाशी थांबते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा याहून वेगळे काही केले नाही. दुसऱ्यांदा गेलो तो ऐन मे महिन्यात. पायऱ्यांच्या कडेला दुकान लावून बसलेल्या एका बाईंकडून पाण्याची बाटली घेतली आणि सहज विचारले, तुमच्या घरी पाणी कुठून येते? त्यांनी हातातले काम न थांबवता डोंगराकडे बोट दाखवले.

त्या बोटाच्या रोखाने मी आजवर तीन वेळा बेट पायी फिरलो. चौदाशे-पंधराशे वर्षांपूर्वी इथे डोंगर पोखरायला जी माणसे आली, ती वैशाख-ज्येष्ठात काय प्यायली, एवढाच माझा प्रश्न होता. चारही बाजूंना खारे पाणी, नदी नाही, ओढे पावसाळा सरला की कोरडे. अशा जागी शेकडो माणसे वर्षानुवर्षे काम करत होती. त्यांची तहान भागल्याशिवाय एकही खांब उभा राहिला नसता. या लेखात मूर्तींविषयी थोडे आणि पाण्याविषयी जास्त आहे, त्याचे कारण हेच.

खडक

मी हिंगोली जिल्ह्यातला, औंढा तालुक्याच्या बाजूचा. समुद्र आमच्यापासून चारशे किलोमीटरांहून दूर आहे आणि पुरातत्त्वाचे शिक्षण मला मिळालेले नाही. पण आमच्या शेतातली विहीर बहात्तरच्या दुष्काळानंतरची. ती पुढे पंधरा वर्षे टप्प्याटप्प्याने खोल होत गेली. शाळेच्या सुट्टीत विहिरीच्या काठावर बसून वर येणारा मलबा पाहणे हे माझे खडकाचे पहिले शिक्षण. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग भोकाभोकांचा, पहारीने फुटणारा मांजऱ्या, आणि त्याखाली सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. मध्येच कुठेतरी वीत-दोन वीत जाडीचा तांबडा गेरूचा पट्टा लागायचा. विहीर खोदणारे वडार तो दिसला की हात थांबवायचे. पाणी मांजऱ्यातून झिरपत येते आणि गेरूवर किंवा अखंड पाषाणावर येऊन बसते, हे त्यांना कुणी पुस्तकातून सांगितलेले नव्हते. त्यांनी सांगितलेल्या ठिकाणी पाझर फुटला नाही असे क्वचितच झाले.

पुढे भूगर्भशास्त्राची पुस्तके मिळवून वाचली तेव्हा कळले की वडारांचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला. प्रत्येक थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून भोके राहिली, म्हणून तो सच्छिद्र. मधला भाग सावकाश थंड झाला, म्हणून तो घट्ट. दोन थरांच्या मधल्या काळात जिथे वरचा पृष्ठभाग कुजला, तिथे पुढच्या थराखाली दबून गेरू तयार झाला. थरावर थर चढले आणि हिंगोलीपासून मुंबईपर्यंत एकच काळे पठार पसरले.

घारापुरी हा त्याच पठाराचा समुद्राने वेढलेला तुकडा आहे. इथे ज्वालामुखीचे तोंड नाही, राख नाही, गंधकाचा वास नाही. ज्वालामुखीचे बेट म्हटल्यावर डोळ्यांसमोर जो धुमसणारा शंकू येतो, तसे काही शोधू नये. पण बेटाचा प्रत्येक दगड लाव्ह्याचाच आहे. धक्क्यावरून चालताना डोंगराच्या कापलेल्या कडेकडे पाहिले तर आमच्या विहिरीची आतली भिंत समुद्राकाठी उभी करून ठेवल्यासारखी वाटते. फरक पावसाचा. मुंबईच्या परिसरात वर्षाला दोन हजार मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आमच्याकडे त्याच्या निम्म्याहूनही कमी. पण तो सगळा पाऊस चार महिन्यांत पडून उतारावरून थेट समुद्राला मिळतो. उरलेले आठ महिने बेटाला आमच्यासारखेच काढायचे असतात.

वाट

बेट लहान आहे. लांबी साधारण अडीच किलोमीटर, दोन डोंगर आणि त्यांच्यामध्ये एक घळ. तीन वस्त्या आहेत: शेतबंदर, मोरेबंदर आणि राजबंदर. पर्यटक पाहतो ते शेतबंदर, कारण तिथूनच पायऱ्या सुरू होतात.

पहिल्या लेण्याचे मुख्य तोंड उत्तरेकडे आहे. दालन दोन्ही दिशांना जवळजवळ एकशेतीस फूट. दक्षिणेच्या भिंतीत सदाशिव, सुमारे अठरा फूट उंच. पश्चिमेला चार दारांचे, चारही बाजूंनी द्वारपाल असलेले लिंगाचे गर्भगृह. लेण्याच्या पूर्वेला आणि पश्चिमेला उघडी अंगणे आहेत. पश्चिमेच्या अंगणात दक्षिण बाजूला डोंगराच्या पोटात शिरलेले एक टाके आहे. बहुतेक लोक त्याच्याकडे पाठ करून फोटो काढतात.

टाके कोरणे आणि लेणे कोरणे ही कामे एकाच हाताची असली तरी त्यांची पारख वेगळी आहे. लेण्यासाठी असा थर हवा की छत तोलून धरेल. टाक्यासाठी असा थर हवा की त्याला चीर नसेल, कारण एक बारीक भेगही पावसाळ्यात भरलेले पाणी दिवाळीपर्यंत रिकामे करते. तोंड लहान आणि सावलीत ठेवायचे, म्हणजे उन्हाने पाणी उडत नाही. आत खोली वाढवायची आणि रुंदी फार वाढली तर मध्ये खांब राखायचा. वरच्या कातळावर पन्हळी खोदून पावसाचे पाणी तोंडाशी आणायचे. पहिल्या पावसाचे पाणी गाळ घेऊन येते, म्हणून अलीकडे एक लहान खळगा करायचा, त्यात गाळ बसतो. सह्याद्रीतल्या कोणत्याही जुन्या गडावर किंवा लेण्यापाशी ही रचना पाहायला मिळते.

मुख्य लेण्यापासून पुढे पायवाट डोंगराला वळसा घालत बाकीच्या लेण्यांकडे जाते. त्यांतली काही अपुरी, काही ढासळलेली. पावसाळ्यानंतर गेले तर भिंती ओल्या असतात. लेण्यांच्या जतनापुढचा सर्वांत जुना प्रश्न हाच आहे: वरचा सच्छिद्र थर पाणी आत सोडतो आणि ते खांबांना, मूर्तींना खात राहते. आमच्या विहिरीला जगवणारा पाझर इथे मूर्तीला झिजवतो. कोरणाऱ्यांना याची जाणीव नसेल असे मला वाटत नाही. दगडाला पाणी सुटते तिथेच त्यांनी काम काढले, कारण पाण्याशिवाय कामच निघाले नसते. हा माझा तर्क आहे, पण विहिरीच्या काठावर बसलेल्या माणसाचा तर्क आहे.

लेण्यांच्या वर डोंगरमाथ्यावर दोन जुन्या तोफा आहेत. पर्यटकांची चढण तिथे संपते. मी तिथून घळीकडे उतरलो. पूर्वेच्या डोंगरावर दोन लेणी आहेत. त्यांतले मोठे ‘सीताबाईचे देऊळ’ म्हणून ओळखले जाते. पोर्तुगीज काळात त्याचा उपयोग ख्रिस्ती प्रार्थनेसाठी झाला होता. त्याच्या पलीकडे एक कोरडे पडलेले तळे आहे आणि त्याच्या काठाला बौद्ध काळातली टाकी. आणखी पुढे विटांच्या स्तूपाचा उंचवटा आहे. म्हणजे शैव लेण्यांच्या कितीतरी आधी इथे भिक्षूंची वस्ती होती, आणि ती टाक्यांच्या आधाराने होती. मोरेबंदरच्या बाजूला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अलीकडच्या उत्खननात पायऱ्या असलेला मोठा दगडी जलाशयही उजेडात आला आहे. डोंगरात कोरलेली टाकी आणि सपाटीला बांधलेला जलाशय, दोन्ही एकाच बेटावर असतील, तर इथे केवळ देऊळ नव्हते. इथे गाव होते, बंदर होते, आणि त्याला पाणी पुरवण्याची कुणीतरी रीतसर आखणी केली होती.

त्या कोरड्या तळ्याच्या काठावर मी बराच वेळ बसलो. समोर न्हावा-शेव्याच्या बंदरातल्या क्रेन दिसत होत्या. आमच्याकडच्या बारवांची आठवण झाली. मराठवाड्यात यादवकाळात मंदिर बांधताना बारव आधी विचारात घेतली जाई. आज मंदिराला रंग मिळतो, बारवेला कचरा.

लेख

लेण्याचा कर्ता कोण, हा वाद जुना आहे, कारण त्याचा पुरावाच बेटावरून गेला. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि आजूबाजूचा मुलूख पोर्तुगिजांना दिला. चारच वर्षांनी, १५३८ मध्ये, जुआंव द कास्त्रो हा पोर्तुगीज दर्यावर्दी इथे आला आणि त्याने लेण्याचे सविस्तर वर्णन लिहून ठेवले. वैद्य गार्सिया द ओर्ता याच्या १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथातही बेटाचा उल्लेख आहे. पुढे दियोगो दो कोउतो या बखरकाराने नोंदवले की लेण्याच्या दारावरचा एक कोरीव लेख काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला गेला, आणि तिकडे तो कुणालाच वाचता आला नाही. तो दगड पुन्हा सापडला नाही.

पोर्तुगिजांनी बेटाला ‘एलेफान्ता’ म्हटले ते राजबंदरच्या बाजूला असलेल्या दगडी हत्तीवरून. १८६४ मध्ये तो हत्ती इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत उचलताना पडून फुटला. तुकडे मुंबईच्या राणीच्या बागेत आणून १९१४ मध्ये जोडले गेले. आजही तो भायखळ्याला उभा आहे. ज्याच्यावरून बेटाला जगात नाव मिळाले, तो बेटावर नाही. मधल्या काळात सत्ता बदलत राहिल्या. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली, त्याबरोबर घारापुरीही गेली, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडेच राहिली. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत आला तेव्हा त्याला लेण्यातच मेजवानी दिली गेली.

लेख गेला, पण नाणी उरली. कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी बेटावर मोठ्या संख्येने मिळाली. सहाव्या शतकाच्या मध्यात कोकणावर कलचुरींचे वर्चस्व होते, हे आपल्याकडे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ताम्रपटांच्या आधारे मांडले, आणि लेणे त्याच काळातले असावे या मताला आज बरीच मान्यता आहे. चालुक्य पुलकेशीच्या ६३४ च्या ऐहोळे लेखात कोकणातल्या मौर्यांच्या ‘पुरी’ नावाच्या समुद्रकाठच्या राजधानीवर नौका घालून केलेल्या स्वारीचा उल्लेख आहे. अनेक अभ्यासक ती पुरी म्हणजे घारापुरी मानतात, काहींचा कल राजापुरीकडे आहे. कृष्णराजाच्या इथल्या नाण्यांत हलक्या मोलाची नाणी पुष्कळ आहेत. ती कोरक्यांना मजुरी म्हणून दिली गेली असावीत असे काही विद्वान म्हणतात. मला हे अनुमान मोलाचे वाटते, कारण त्यामुळे लेण्याच्या इतिहासात प्रथमच माणसे दिसतात. मजुरी घेणारी, संध्याकाळी चूल पेटवणारी, घागर घेऊन टाक्यावर जाणारी.

आणि घागर खरोखरच सापडली आहे. बेटावरच्या टाक्यातला गाळ काढताना तांब्याचे एक जलपात्र मिळाले. त्यावर जोगेश्वरी देवीचे नाव आहे आणि इसवी सन १०८६ शी जुळणारी तिथी आहे. म्हणजे शिल्पे कोरून पाचशे वर्षे झाल्यावरही टाक्यावर पाणी भरले जात होते. दारावरचा राजाचा लेख परदेशात नाहीसा झाला. देवीच्या भांड्यावरचा लेख गाळात पडून वाचला.

इतरत्र टाक्यांचे दाते आपल्याला नावाने माहीत आहेत. कान्हेरी आणि जुन्नरच्या लेण्यांत, नाणेघाटात, ब्राह्मी लेखांत टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. कुणी व्यापारी, कुणी सोनार, कुणी एखाद्याची पत्नी. पोढी दान दिल्याचे आपल्या नावानिशी कोरून ठेवले आहे. लेण्याइतकेच टाकेही धर्मकार्य मानले जात होते, याला यापेक्षा स्पष्ट पुरावा नको. या मुद्द्यावर मी एका चर्चासत्रात निबंध वाचला तेव्हा एका विद्वानांनी हसून विचारले, ‘म्हणजे आता आम्ही मूर्तिशास्त्र सोडून नळपट्टी शिकायची का?’ सभागृहात हशा झाला. मीही हसलो. पण रात्री मुक्कामी झोप लागली नाही. कान्हेरीच्या दात्याला आपले नाव टाक्याच्या भिंतीवर कोरावेसे वाटले होते, त्याला लाज वाटली नव्हती.

अर्स्किनने १८१३ मध्ये मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढे या लेण्यावर निबंध वाचला, बर्जेसचे पुस्तक १८७१ मध्ये आले, हिरानंद शास्त्रींची मार्गदर्शिका १९३४ मध्ये. तिघांचेही ऋण मोठे आहे. त्यांच्या मोजमापांवाचून माझ्यासारख्याला पाऊल टाकता आले नसते. त्यांनी टाक्यांची नोंदही केली आहे. मात्र ती मापांच्या ओळीत येते आणि जाते. टाक्यामुळे बेट जगले, हे वाक्य लिहायची गरज कुणाला वाटली नाही.

गाव

आज तीन वस्त्यांत मिळून बाराशेच्या आसपास माणसे राहतात. मासेमारी, थोडी भातशेती आणि पर्यटकांवर चालणारी दुकाने, हा चरितार्थ. ज्यांना चढवत नाही त्यांना खुर्चीच्या डोलीतून वर नेणारे इथलेच. १९८७ मध्ये लेणी जागतिक वारसा यादीत गेली. गेटवेवरून उघड्या डोळ्यांनी दिसणाऱ्या या बेटावर वीज मात्र पोहोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर केबल टाकून. तोवर जनरेटरवर संध्याकाळचे मोजके तास दिवे लागत. समोर मुंबई रात्रभर झगमगत असे.

घळीत बांधलेल्या धरणात पावसाचे पाणी साठते, तेच आजचे मुख्य पाणी. उन्हाळा लांबला की ते पुरत नाही. मोरेबंदरला एका घराच्या ओटीवर बसलो असताना तिथल्या आजीबाईंनी लहानपणी डोक्यावर पाणी वाहिल्याचे सांगितले. कोणते पाणी कपड्याला, कोणते पिण्याला, कोणते फक्त होळीपर्यंत, हे ठरलेले असे. मी ते वहीत उतरवून घेत होतो. त्यांना त्याचे हसू आले. त्यांच्या सुनेने आतून सांगितले, आता मोटर लावली की पाणी वर येते, पण धरणात असले तर.

वीज आली हे उत्तमच झाले. डोक्यावर पाणी वाहण्यात काही काव्य नाही, हे मी आईला पाहून जाणतो. पण वीज नळापर्यंत पाणी चढवते, पाणी निर्माण करत नाही. ते डोंगरात मुरावे लागते, टाक्यात साठावे लागते. गाळाने भरलेले टाके म्हणजे बुजलेली विहीर. लेण्याच्या संरक्षणाचे नियम कडक आहेत आणि ते हवेतच. त्या नियमांच्या चौकटीतच जुनी टाकी गाळमुक्त करणे, पन्हळी मोकळ्या करणे, वस्तीच्या जुन्या जाणकारांना त्या कामात घेणे, हे शक्य आहे. वारसा म्हणून टाकी जपायची असतील तर त्यांच्यात पाणी असणे हाच त्यांचा जीर्णोद्धार.

निघताना आजीबाईंनी विचारले, ‘कुठले तुम्ही?’

‘हिंगोलीचा. लांब आहे. मराठवाड्यात.’

‘तिकडं समुद्र नाही ना?’

‘नाही.’

‘मग पाणी कुठून भरता?’

मी आमच्या विहिरीविषयी सांगू लागलो. मुरूम, मांजऱ्या, पाषाण, गेरू. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. मध्येच त्यांनी हात वर करून मला थांबवले आणि ओटीच्या टोकाला जाऊन घरामागचा डोंगर दाखवला. कातळात एका उंचीवर तांबडी रेघ होती. तिच्याखाली मे महिन्यातही हिरवळ होती.

‘तिथंच पाझरतं,’ त्या म्हणाल्या.